ऊसतोडीचा निबंध कुठल्या कप्प्यात? जेईएल कोड लावण्याची पायरीवार पद्धत

सिनॉप्सिस जमा करायची तारीख आठवड्यावर आली की आमच्या कॉलेजच्या वाचनकक्षात अर्थशास्त्राच्या निबंधांवर टाकायच्या विषय-कोडाबद्दल ठरलेला प्रश्न येतो: "सर, माझ्या विषयाला जेईएल कोड कुठला टाकू?" मी विषय विचारेपर्यंत निम्मे जण ओ५३ टाकून मोकळे झालेले असतात. का, तर "यादीत तिथे आशिया लिहिलंय ना." परळीचा सोयाबीन उत्पादक ओ५३, जालन्याचा सळई कारखाना ओ५३, हिंगोलीचा बचत गटही ओ५३. मग जमवलेल्या दोनशे पीडीएफ त्याच एका फोल्डरात जाऊन पडतात, आणि साहित्य-आढाव्याचं प्रकरण लिहायला बसलं की हवा तो निबंध काही केल्या हाती लागत नाही.

लोक आधी यादी उघडतात आणि मग आपला विषय तिच्यात कोंबतात. घोळ तिथूनच सुरू होतो. म्हणून खालच्या क्रमात यादी बरीच उशिरा येते.

ज्यांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं त्यांच्यासाठी: जेईएल म्हणजे 'जर्नल ऑफ इकॉनॉमिक लिटरेचर'. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या या नियतकालिकाची वर्गीकरण पद्धत जगभरचे अर्थशास्त्राचे निबंध वापरतात. सारांशाच्या खाली एक अक्षर आणि दोन अंक असा जो कोड दिसतो, तो हाच.

लेख वाचायला सोपा जावा म्हणून इथे कोड देवनागरीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष लिहिताना मोठं रोमन अक्षर, त्याला चिकटून इंग्रजी अंक, मध्ये जागा नाही. देवनागरी अंकांत टाकलेला कोड कुठल्याही डेटाबेसच्या शोधात सापडणार नाही.

## तयारी

एका बैठकीला वीस निबंध पुरेत. पहिल्या वीसला अख्खी दुपार जाते, पुढचे भराभर होतात. दोनशे एकदम घेऊन बसू नका. चाळिसाव्या निबंधानंतर माणूस मथळा वाचून कोड टाकायला लागतो आणि तो सगळा भाग पुन्हा करावा लागतो. स्वानुभव आहे.

संगणकावर एक तक्ता उघडा. रकाने असे: लेखक आणि वर्ष, निबंधाचा प्रश्न, मुख्य कोड, जोडकोड, ठिकाण, पीक किंवा क्षेत्र, माहितीचा काळ, पद्धत, शंका. मुख्य कोड आणि जोडकोड एकाच रकान्यात स्वल्पविराम देऊन भरू नका, नंतर गाळणी (फिल्टर) लावता येत नाही.

मराठी नोंदी युनिकोडमध्येच टाका. डीटीपीवाल्याकडून आलेल्या जुन्या फाइलींमधला मजकूर बहुधा वेगळ्या फॉन्टात असतो. तो पडद्यावर मराठी दिसतो, पण शोधायला गेलं की 'कापूस' सापडत नाही.

असोसिएशनच्या संकेतस्थळावर कोडांची नुसती यादी आहे आणि सविस्तर मार्गदर्शिकाही आहे. तुम्हाला मार्गदर्शिका लागणार आहे. तिचं पान उघडून ठेवा, पण इतक्यात बघू नका.

## १. निबंधाचा प्रश्न एका वाक्यात लिहा

सारांश आणि निष्कर्ष वाचा, मधला भाग सोडा. मग 'प्रश्न' या रकान्यात एक वाक्य लिहा, ज्याच्या शेवटी खरोखर प्रश्नचिन्ह असेल. "मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांचा अभ्यास" हे वाक्य चालणार नाही, तो मथळा झाला. "पाऊस कमी पडलेल्या वर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची संख्या वाढते का?" हे चालेल.

वाक्य जमत नसेल तर निबंध अजून समजलेला नाही असं धरा आणि तो बाजूला ठेवा. कधी कधी निबंधालाच प्रश्न नसतो. असे निबंध आपल्याकडे कमी नाहीत. त्यांना 'शंका' रकान्यात खूण करून पुढे चला.

तपासणी: वाक्यातून जिल्ह्याचं आणि पिकाचं नाव काढून वाचा. तरीही प्रश्न उरतो का? जे उरतं, त्यालाच कोड लागणार आहे.

## २. सांगाडा डोक्यात बसवा

मुख्य वर्ग २० आहेत: ए ते आर ही अठरा अक्षरं, शिवाय वाय आणि झेड. सगळे पाठ करायची गरज नाही. आपल्याकडच्या संशोधनाला वारंवार लागणारे एवढे लक्षात ठेवा: डी सूक्ष्म अर्थशास्त्र, जी वित्त, एच सार्वजनिक अर्थकारण, आय आरोग्य-शिक्षण-कल्याण, जे श्रम आणि लोकसंख्या, एन आर्थिक इतिहास, ओ विकास आणि तंत्रज्ञान, क्यू शेती-नैसर्गिक संसाधनं-पर्यावरण, आर प्रादेशिक आणि नागरी.

अक्षरानंतरचा पहिला अंक उपवर्ग सांगतो आणि दुसरा अंक नेमका विषय. क्यू म्हणजे शेती आणि संसाधनं, क्यू१ म्हणजे शेती, क्यू१४ म्हणजे शेतीचा वित्तपुरवठा. शेवटी शून्य असेल तर 'सर्वसाधारण' आणि नऊ असेल तर 'इतर'. काही उपवर्गांत आठ हा अंक सरकारी धोरणाला दिलेला आहे, जसं शेतीत क्यू१८, पर्यावरणात क्यू५८, कल्याणात आय३८. सगळीकडे तसं नाही, म्हणून अंदाजाने आठ लावू नका.

सावधान: अक्षर ओ आणि अंक शून्य यांची गल्लत फार होते. तशीच अक्षर आय आणि अंक एक यांची. ओ१० मध्ये पहिलं अक्षर आहे आणि शेवटचा अंक. टंकलेखनाला दिलेल्या प्रतीत हे हमखास चुकतं आणि पडद्यावर डोळ्यांना कळतही नाही.

## ३. प्रश्नावरून मुख्य कोड ठरवा

खरं काम या पायरीवर आहे, म्हणून इथे जरा थांबू. एकच विषय घेऊ: बीडची ऊसतोड. दिवाळीच्या आगेमागे कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, निघतात, उन्हाळ्यात परततात. यावरचे निबंध मथळ्यावरून पाहिले तर सगळे सारखेच वाटतात. प्रश्नावरून बघा.

पहिल्या निबंधाचा प्रश्न वर आलाच: दुष्काळी वर्षी जाणारी घरं वाढतात का? इथे माणसांचं एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणं मध्यवर्ती आहे, म्हणून मुख्य कोड जे६१, म्हणजे श्रमाची भौगोलिक हालचाल. हवामान हे कारण आहे, म्हणून क्यू५४ जोडकोड.

दुसरा निबंध उचलीबद्दल आहे. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम फिटेपर्यंत जोडपं बांधलेलं राहतं, तर या करारात मजुरी कशी ठरते? मुख्य कोड जे४१, श्रमकरार. जोडीला जे४३, शेतमजुरीचा बाजार. याच निबंधाने "ही वेठबिगारी आहे का?" असा प्रश्न घेतला असता तर मुख्य कोड जे४७ झाला असता. तो सक्तीच्या श्रमबाजाराचा आहे. गाव तेच, मुकादम तोच, कोड मात्र बदलला.

तिसरा निबंध आईबापाबरोबर फडावर जाणाऱ्या लेकरांच्या शाळेचा. आय२१ किंवा आय२५. शिकण्याचं काय होतं हे तपासलं असेल तर पहिला, शिक्षण आणि विकास यांचा संबंध मांडला असेल तर दुसरा. मुलांच्या संगोपनावर भर असेल तर जे१३ जोडा.

चौथा गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा. खाडा पडला की पैसे कापले जातात, या भीतीचा शस्त्रक्रियेच्या निर्णयाशी संबंध आहे का? निर्णय आरोग्याचा आहे, म्हणून आय१२ मुख्य. बाईपणामुळे हे ओझं येतं, म्हणून जे१६ जोड. कामाच्या परिस्थितीचं सविस्तर विवेचन असेल तर जे८१ही. याच निबंधाला क्यू१२ लावलेला मी पाहिला आहे. ऊस म्हणजे शेती, शेती म्हणजे क्यू, असा तो हिशोब. पण क्यू१२ शेतकरी कुटुंब आणि शेतीच्या निविष्ठा यांसाठी आहे, आणि त्या निबंधात ऊस पिकवणारा माणूस एकदाही आला नव्हता.

पाचवा हार्वेस्टर यंत्राचा. कारखाने यंत्र का घेतात आणि त्याचा प्रसार कशाने अडतो? क्यू१६, शेती तंत्रज्ञान. जोडीला ओ३३, तंत्रज्ञानाचा प्रसार.

पाच निबंध, पाच मुख्य कोड. 'ऊसतोड' या शब्दाला जेईएलमध्ये कोडच नाही, आणि ते बरंच आहे. तो शब्द तुमच्या 'क्षेत्र' रकान्यात राहील आणि गाळणी लावली की पाचही एकत्र येतील.

मी स्वतः सुरुवातीला फोल्डर पिकांवरून केले होते: कापूस, ऊस, सोयाबीन, तूर. कर्जावरचं प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा चारही फोल्डर पुन्हा पहिल्यापासून उघडावे लागले, कारण कर्ज चारही पिकांना लागतं.

## ४. नेहमी अडणाऱ्या जागा

पाणी. शेतीला दिलेलं पाणी, ठिबक, शेततळं, सिंचनामुळे बदललेली पीकरचना हे क्यू१५ मध्ये जातं, कारण सिंचन तिथे जमिनीबरोबर आहे. पाणी हेच संसाधन म्हणून तपासलं असेल, म्हणजे शहराला किती, उद्योगाला किती, भूजल किती उरलं, तर क्यू२५. लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्यावरचा निबंध क्यू२५ चा. जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा वाद धोरण म्हणून मांडला असेल तर क्यू२५ ला क्यू२८ जोडा.

पीक विमा. शेतकऱ्याच्या जोखमीचा आणि पैशाचा प्रश्न असेल तर क्यू१४ मुख्य, विमा म्हणून जी२२ जोड. योजनेच्या अनुदानाचं मूल्यमापन असेल तर क्यू१८ पुढे घ्या.

बचत गट. कर्ज मिळतं का, फिटतं का, हा प्रश्न असेल तर जी२१, कारण सूक्ष्म वित्त तिथे आहे. कर्ज आल्यावर घरातल्या निर्णयात बाईचं चालतं का, हा प्रश्न असेल तर डी१३ आणि जे१६. दोन्ही प्रकारचे निबंध 'महिला सक्षमीकरण' या एकाच मथळ्याखाली छापले जातात, म्हणून मथळ्यावर विसंबू नका.

अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागांची तूट. ती तपासणारी दांडेकर समिती, केळकर समितीचा २०१३ चा अहवाल आणि त्यावरचं लेखन आर५८ मध्ये बसतं, म्हणजे प्रादेशिक विकासाचं नियोजन आणि धोरण. रस्ते-धरणांवरच्या सरकारी गुंतवणुकीचा हिशोब असेल तर एच५४ जोडा. आर हा वर्ग इथे प्रश्नामुळे आला आहे. मराठवाडा हा प्रदेश आहे म्हणून प्रत्येक निबंधाला आर लावायचं कारण नाही.

निजामकाळ. जहागिरी, सारा, कापसाचा व्यापार यांवरचं ऐतिहासिक संशोधन एन५५ मध्ये. हा आशियाच्या शेतीच्या आर्थिक इतिहासाचा कोड आहे. मात्र आकडे जुने आहेत एवढ्यावर एन लागत नाही. १९७२ च्या दुष्काळाची आकडेवारी वापरून कुणी आजच्या रोजगार हमीबद्दल काही सांगत असेल, तर तो निबंध इतिहासाचा नव्हे.

आणि तो ओ५३. ओ५ हा उपवर्ग संपूर्ण देशाच्या अर्थव्यवस्थेवरच्या अभ्यासांसाठी आहे. भारताच्या एकूण विकासावर लिहिलं असेल तर खुशाल लावा. औसा तालुक्यातल्या १२० शेतकऱ्यांच्या मुलाखतींना तो लागत नाही. देश, राज्य, जिल्हा हे तक्त्यातल्या 'ठिकाण' रकान्यात लिहायचं आणि निबंधात सूचक शब्दांमध्ये द्यायचं.

## ५. आता मार्गदर्शिका उघडा

तुम्ही ठरवलेल्या कोडाची नोंद मार्गदर्शिकेत काढा. त्या कोडात काय येतं याचं वर्णन असतं, सूचक शब्द असतात, आणि हवं ते त्याऐवजी दुसऱ्या कुठल्या कोडात आहे याच्या सूचनाही असतात. लोक वर्णन वाचतात आणि या सूचना सोडतात. मी आधी सूचनाच वाचतो. अर्ध्या चुका तिथेच पकडल्या जातात.

शेजारच्या दोन नोंदीही वाचा. क्यू१२ बघत असाल तर क्यू१३ आणि क्यू१४ पाहिल्याशिवाय उठू नका. मोंढ्यातला भाव, आडत, बाजार समिती, सहकारी खरेदी-विक्री संघ हे क्यू१३ मध्ये आहेत, आणि आपल्याकडचे बरेच 'सोयाबीन उत्पादकांच्या समस्या' छापाचे निबंध खरं म्हणजे तिथलेच असतात.

तपासणी: ठरवलेला कोड शून्यावर किंवा नऊवर संपतो का? संपत असेल तर पायरी १ वर परत जा. दहापैकी आठ वेळा तुमचा प्रश्न सैल असतो. उरलेल्या दोन वेळा निबंध खरोखर सर्वसाधारण असतो, तेव्हा क्यू१० लावायला हरकत नाही.

## ६. जोडकोड मोजून लावा

एक मुख्य आणि एक किंवा दोन जोड, एवढ्यावर थांबा. आपल्या तक्त्यासाठी तेवढे भरपूर. कुठे निबंध पाठवायचा असेल तर त्या नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये किती कोड चालतात ते बघा, दर ठिकाणी आकडा वेगळा असतो.

जोडकोड म्हणून सी, म्हणजे गणिती आणि संख्यात्मक पद्धतींचा वर्ग, लावायचा मोह फार होतो. पॅनेल डेटा (त्याच घरांची अनेक वर्षांची माहिती) वापरला की सी२३, प्रश्नावली भरून घेतली की सी८३. असं केलं तर तुमचे निम्मे निबंध सी मध्ये जमा होतील. पद्धतीवरच काही नवं म्हटलं असेल, निदान पद्धतीची चिकित्सा असेल, तरच सी लावा असं माझं मत आहे. बाकीच्यांसाठी 'पद्धत' हा रकाना आहेच.

सावधान: निबंधावर छापलेला कोड लेखकाने लावलेला असतो आणि तोही तुमच्यासारखाच घाईत असू शकतो. डेटाबेसमधला कोड त्याहून वेगळा निघू शकतो. तक्त्यात तुमचा कोड मुख्य ठेवा आणि छापील कोड शेजारी टिपून ठेवा. १९९१ च्या आधीच्या निबंधांवर नुसते अंक असलेले जुने कोड दिसतील. ते वेगळ्या यादीतले आहेत, त्यांचं नव्याने वर्गीकरण करा.

## ७. कोड नसलेलं साहित्य

समित्यांचे अहवाल, जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका, मराठी मासिकांतले लेख, जुने प्रबंध. यांवर कोड नसतोच. पद्धत तीच: प्रश्न लिहा आणि कोड लावा. मोठ्या अहवालाला एक कोड लावून भागत नाही. केळकर समितीच्या अहवालाची एकच नोंद केली तर त्यातलं पाण्याचं प्रकरण पाण्यावर लिहिताना आठवणार नाही. म्हणून प्रकरणवार नोंदी करा, फाइल एकच राहू द्या.

पुस्तकांसाठी ग्रंथालयात जाल तेव्हा जेईएल विसरा. तिथे बहुतेक ठिकाणी ड्युई दशांश पद्धत आहे. अर्थशास्त्र ३३० पासून, श्रम ३३१, जमीन आणि संसाधनं ३३३, सहकार ३३४, सार्वजनिक वित्त ३३६, उत्पादन ३३८ आणि त्यात शेती ३३८.१. स्थलांतराची पुस्तकं मात्र समाजशास्त्राकडे ३०४.८ ला असतात, म्हणून ऊसतोडीवर वाचणाऱ्याने दोन्ही कपाटं बघायची. पुस्तकाचा कपाटातला आकडा तक्त्यात वेगळ्या रकान्यात टिपा, पुढच्या खेपेला हेलपाटा वाचतो.

## ८. कोड उलट्या दिशेने वापरा

तक्ता भरला की मुख्य कोडानुसार लावून घ्या आणि कुठल्या कोडात किती निबंध आहेत ते मोजा. ऊसतोडीवर प्रबंध आहे आणि जे६१ मध्ये चाळीस निबंध, जे४१ मध्ये दोनच? मग करारांवरचं वाचन कमी पडलंय. आता इकॉनलिट किंवा रेपेकचं आयडियाज संकेतस्थळ, या अर्थशास्त्राच्या निबंधांच्या डेटाबेसमध्ये जे४१ हा कोड घेऊन शोधा. इकॉनलिटला वर्गणी लागते, आयडियाज फुकट आहे. नुसता 'शुगरकेन' शब्द टाकून जे कधीच सापडलं नसतं, ते इथे सापडतं: दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या पिकातल्या, पण उचलीसारख्याच करारांवरचे निबंध.

संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर कोड टॅग म्हणून टाका. फोल्डर कोडांचे करू नका, कारण एका निबंधाला दोन-तीन कोड असतात आणि प्रती वाढत जातात.

## ९. स्वतःच्या निबंधाचा कोड सगळ्यात शेवटी

निष्कर्ष लिहून झाल्यावर. सिनॉप्सिसच्या वेळी लावलेला कोड कच्चा समजा, कारण दोन-तीन वर्षांत प्रश्न सरकतो. स्थलांतरावर सुरुवात केलेला माणूस करारांवर येऊन थांबतो आणि मुखपृष्ठावर जुना जे६१ तसाच राहतो.

दुसऱ्या विषयाच्या एखाद्या सहकाऱ्याला फक्त सारांश वाचायला द्या आणि तुम्ही काढलेल्या पाच कोडांच्या वर्णनांपैकी दोन निवडायला सांगा. त्याने निवडलेले आणि तुमचे जुळले नाहीत तर आधी सारांश तपासा. बऱ्याचदा प्रश्न शेवटच्या वाक्यात दडलेला असतो आणि पहिली चार वाक्यं मराठवाड्याच्या पर्जन्यमानावर खर्च झालेली असतात.

ऑनलाइन निबंध सादर करताना कोड यादीतून निवडायचा असतो आणि पीडीएफमध्येही छापलेला असतो. दोन्हीकडे तेच कोड त्याच क्रमाने आहेत ना, ते पाठवण्याआधी शेजारी ठेवून बघा. आणि पीडीएफमधल्या कोडावर शोधाची खिडकी उघडून तो एकदा टाइप करा. सापडला नाही, तर अक्षर ओच्या जागी शून्य बसलेलं आहे.